अनाकापाची अंडी

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, लॉस एंजलिसपासून मोटारीने दीड-दोन तासांवर, व्हेंचुरा नावाचे एक नीटनेटके गाव आहे. गावाच्या वाळूवर उभे राहून समुद्राकडे पाहिले, तर कधी क्षितिजावर एक लांबट डोंगर पाण्यात बसलेला दिसतो, कधी तोच डोंगर पाण्यापासून हातभर उचलल्यासारखा अधांतरी तरंगतो, आणि पुष्कळदा धुक्यापायी मुळी दिसतच नाही. या किनाऱ्याचे मूळचे रहिवासी चुमाश लोक. त्यांनी या बेटाला 'अन्यापाख' म्हटले. म्हणजे आभास, मृगजळ. पुढे आलेल्या गोऱ्यांच्या जिभेवर घोळत घोळत त्याचे 'अनाकापा' झाले. परदेशातली नावे माझ्या सहसा ध्यानात राहत नाहीत, पण हे चटकन राहिले. आपल्या अनकाई-टनकाईशी त्याचे काही नाते असावे, असे उगीचच वाटते!

आमचा मुलगा तिकडे नोकरीला आहे. मुलाकडे गेलेल्या आईबापांनी जे जे पाहायचे असते ते ते आमचे पाहून झाले होते. डिस्नेलँड झाले, हॉलिवूडच्या फरशीवरचे तारे झाले, चार मजली दुकानांतून रिकाम्या हाताने फिरणे झाले. अनाकापाला जायचे ठरले ते नातीमुळे. तिला शाळेसाठी पक्ष्यांवर काहीतरी लिहून न्यायचे होते आणि तिने पेलिकन निवडला होता. "पुस्तकातून उतरवून काढण्यापेक्षा एकदा जाऊन पाहूच या की," असे हे म्हणाले, आणि मे महिन्यातल्या एका सकाळी आम्ही पाचजण डबे बांधून लाँचवर चढलो. डबे घट्ट झाकणांचे घ्या, अशी सूचना आधीच मिळाली होती. तिचे मर्म पुढे कळले.

तासाभराचा प्रवास. वाटेत समुद्रात पाय रोवून उभे असलेले तेलाचे मचाण लागते. त्याच्या खालच्या फळ्यांवर सील लोळत असतात. एका ठिकाणी डॉल्फिनांचा तांडा लाँचबरोबर शर्यत लावू लागला आणि सगळी मंडळी कॅमेरे घेऊन एकाच बाजूला धावली. आमची नात मात्र दुसऱ्या बाजूला बोट दाखवून ओरडत होती. तिकडे सात-आठ मोठे तपकिरी पक्षी एकामागे एक, लाटांच्या माथ्याला पंख लागतील इतक्या खालून चालले होते. पुढच्याने पंख हलवले की मागचा हलवी, त्याच्यानंतर त्याच्या मागचा. सगळी ओळ एका दोरीत ओवल्यासारखी. तेच पेलिकन.

आपल्याकडे पेलिकनला पाणकोळी म्हणतात, झोळीवालाही म्हणतात. दुसरे नाव मला अधिक आवडते. चोचीखालची ती कातडी पिशवी पाहिली, की माधुकरीला निघालेल्या बटूचीच आठवण होते. आपले झोळीवाले पाण्यावर संथ तरंगत मासे उपसतात. हा तपकिरी भाऊबंद मात्र आकाशातून पाहतो, पंख मिटतो आणि दगड टाकावा तसा डोक्यावर समुद्रात कोसळतो. वर येतो तेव्हा झोळी पाण्याने फुगलेली असते. मान खाली करून तो पाणी गाळून टाकतो आणि मग डोके वर करून मासा गिळतो. हा कार्यक्रम कितीही वेळा पाहिला तरी कंटाळा येत नाही.

अनाकापा हे एक बेट नव्हे; पूर्व, मधले आणि पश्चिम असे तीन तुकडे एका रांगेत आहेत, सगळे मिळून सुमारे पाच मैल लांब. कडे सरळ पाण्यात उतरलेले. १८५३ च्या डिसेंबरात, सोन्याच्या खाणींच्या धामधुमीत, 'विनफील्ड स्कॉट' नावाची आगबोट शेकडो उतारू घेऊन धुक्यात मधल्या तुकड्यावर आदळली होती. पाहुणे उतरतात ते पूर्वेच्या तुकड्यावर. लाँच कड्याला खेटून उभी राहते, आपण लोखंडी शिडी पकडायची आणि वर गेल्यावर १५७ पायऱ्या चढायच्या. नातीने त्या मोठ्याने मोजल्या. शंभराव्या पायरीवर हे थांबले आणि समुद्र फारच सुंदर दिसतो आहे असे सांगू लागले. तरुणपणी पर्वती एका दमात चढल्याची हकिकतही त्याच पायरीवर सांगून झाली.

वर पोचल्यावर आधी वास येतो, मग गलका ऐकू येतो, आणि मग दिसतात कुरव पक्षी. हजारोंनी! झाड नाही, झरा नाही, मे महिन्यात गवतही वाळत चाललेले. आणि त्या सगळ्या माळावर पांढरे कुरव आपापली घरटी सांभाळत बसलेले. घरटे कसले, गवताचा नुसता खळगा. पायवाटेपासून दोन हातांवर, शेवाळी रंगाची, तपकिरी शिंतोड्यांची अंडी उघड्यावर पडलेली. वाट सोडायची नाही, अशी सक्त ताकीद आहे. सूनबाईने बटाट्याच्या पराठ्यांचा डबा उघडला मात्र, तोच एका कुरवाने अर्धा पराठा उचलून नेला. घट्ट झाकणांचे मर्म ते हे. १९३२ साली बांधलेला दीपस्तंभ पाहिला. चर्चसारखी दिसणारी एक इमारत पाहिली, तिच्यात देव नसून पाण्याच्या टाक्या आहेत. आणि चालत चालत बेटाच्या पश्चिम टोकाला आलो.

तिथून पुढचे दोन तुकडे एकामागे एक असे दिसतात. शेवटचा सर्वांत उंच, नऊशे फुटांहून अधिक. पेलिकनांची वसाहत त्याच्या उतारावर आहे. तिथे कोणालाही जाऊ देत नाहीत, कारण माणूस जवळ आला की पेलिकन घरटे टाकून उठतात आणि कुरव टपलेलेच असतात. दुर्बिणीतून तपकिरी ठिपके तेवढे दिसले. पण आमच्याबरोबर आलेल्या मार्गदर्शक बाईंनी त्या ठिपक्यांची जी हकिकत सांगायला सुरुवात केली, तिने मला पुढचे कितीतरी दिवस पुस्तकांत डोके घालायला लावले.

१९६९ च्या मार्च महिन्यात रॉबर्ट रिझब्रो नावाचे शास्त्रज्ञ आपल्या सोबत्यांबरोबर समोरच्या त्या उतारावर गेले होते. विणीचा हंगाम होता. सुमारे तीनशे घरटी त्यांना आढळली. अखंड अंडे होते ते फक्त बारांत. बाकीच्या घरट्यांत आणि घरट्यांबाहेर चेपलेली, फुटलेली, बलक वाळून काटक्यांना चिकटलेली कवचे. कोणी श्वापद आलेले नव्हते, वादळ झालेले नव्हते. दुसऱ्या वर्षी, १९७० मध्ये, अनाकापावर ५५२ जोड्यांनी घरटी केली. त्या सगळ्यांची मिळून पिल्ले किती वाढली? एक.

ही अंडी फोडली कोणी, हे कळायला पेलिकन अंडी कशी उबवतो ते कळले पाहिजे. कोंबडी पोटाखालच्या उघड्या, उबदार कातडीला अंडी लावून बसते. पेलिकनला तशी जागा नसते. त्याची ऊब त्याच्या पायांत. बदकासारखे, पण कितीतरी मोठे पडदे असलेले ते पाय तो अंड्यांवर पसरतो आणि त्यावर बसतो. नर-मादी पाळीपाळीने बसतात, महिनाभर. पक्ष्याचे वजन तीन-चार किलो. युगानुयुगे हा भार अंड्यांनी सोसला, कारण कवच त्या भाराच्या बेताचेच असे. आता ते कवच पातळ झाले होते. फुटलेल्या अंड्यांचे तर जुन्या काळच्या कवचाच्या जवळजवळ निम्मेच. आई उबवायला बसे आणि अंडे तिच्याच पायाखाली पिचे. ती उठे, पाही, आणि पुन्हा त्याच ओल्या कवचावर बसे.

मार्गदर्शक बाई हे अगदी साध्या आवाजात सांगत होत्या. नात लिहून घ्यायची थांबली होती.

'जुन्या काळचे कवच' मोजायला मिळाले कोठून, हा प्रश्न माझ्यासारखाच तुमच्याही मनात आला असेल. त्याचे उत्तर मोठे मौजेचे आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंड-अमेरिकेतल्या हौशी लोकांना पक्ष्यांची अंडी जमवण्याचे वेड होते. आपल्याकडे पोस्टाची तिकिटे जमवत, तशी ती मंडळी रानोमाळ हिंडून अंडी जमवीत, बारीक भोक पाडून आतला ऐवज काढून टाकीत आणि कवच कापसावर ठेवून शेजारी चिठ्ठी लावीत: कोणता पक्षी, कोणते गाव, कोणती तारीख. निरुपयोगी आणि थोडासा दुष्टच छंद. पक्षीप्रेमी माणसे या लोकांना शिव्या देत, आणि पुढे कायद्यानेही तो बंद केला. पण ब्रिटनमधल्या डेरेक रॅटक्लिफ यांना ससाण्यांच्या घरट्यांत फुटकी अंडी दिसू लागली, तेव्हा त्यांना ह्या हौशी लोकांच्या खणांची आठवण झाली. खण उघडून त्यांनी कवचे तोलली, मापली आणि सालवार मांडली. वर्षानुवर्षे रेघ सरळ चालली होती. १९४७ च्या सुमारास ती एकदम खाली आली. हा निबंध १९६७ साली प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी जोसेफ हिकी आणि डॅनियल अँडरसन या दोघांनी अमेरिकेतल्या संग्रहांतली कवचे मोजली आणि तिथेही तोच प्रकार आढळला.

व्हेंचुरापासून अर्ध्या तासाच्या आत कॅमारिलो नावाचे गाव आहे. तिथे १९५६ साली स्थापन झालेल्या एका संस्थेत पक्ष्यांच्या अंड्यांचा जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक संग्रह आहे. अंडी दहा लाखांच्या घरात. आपल्या मुंबईतही बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे जुन्या अंड्यांचा संग्रह जपलेला आहे. म्युझियममध्ये आपण वाघ, फार तर मोर पाहतो आणि अंड्यांच्या पेटीपुढून सरळ निघून जातो. आता माझ्याने तसे जाववणार नाही.

१९४७ च्या आसपास जगात नवे काय आले होते? डीडीटी.

या नावाने तुमच्यापैकी निम्म्या घरांतल्या आजी-आजोबांच्या नाकात तो वास नक्की आला असेल. माझे माहेर तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, कर्जतच्या बाजूला, रानाला लागून. माझ्या जन्माआधी आमच्या घरात थोरल्या काकांची दोन मुले हिवतापाने गेली होती. घरोघरी पानथरी वाढलेली, पिवळट तोंडाची पोरे असत. मी सात-आठ वर्षांची असेन. वर्षातून एक-दोनदा खाकी कपड्यांतले फवारणीवाले बादल्या आणि पंप घेऊन येत. एकजण पंप मारी, दुसरा नळी भिंतीवर फिरवी. त्याआधी घरात नुसता गोंधळ! लोणच्याच्या बरण्या, पाण्याच्या घागरी, गाद्या, पाळणा, सारे अंगणात. आजी देव्हारा सोवळ्याच्या वस्त्राने झाकून दारातच उभी राही. फवारणी झाली की भिंतींवर पांढुरकी पावडर दिसे आणि दाराशेजारी तारीख लिहून ती मंडळी पुढच्या घरी जात. जाताना बजावीत, "आता काही महिने भिंत सारवू नका हं!" आणि हे नेमके दिवाळीच्या तोंडावर! आजी मान डोलावी, आणि त्यांची पाठ फिरली की शेणाचा पो मागवी. दिवाळीला न सारवलेली भिंत तिला हिवतापापेक्षा भयंकर वाटे. आईचे आणि तिचे त्यावरून जे काही होई, ते आता सांगत नाही.

पण गावातली पोरे मरायची थांबली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख दगावत, असा अंदाज आहे. १९५३ साली देशभर मोहीम सुरू झाली. १९६१ मध्ये रोग्यांची नोंद पन्नास हजारांच्या आसपास उतरली होती. डीडीटीने कीटक मरतात हे शोधून काढणाऱ्या पाउल म्यूलर या स्विस शास्त्रज्ञाला १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते काही उगीच नव्हे. पुढे डास त्या पावडरीला निर्ढावले आणि १९७६ साली रोग्यांचा आकडा पुन्हा साठ लाखांवर गेला, हाही इतिहास आहे. तरीसुद्धा, ज्या घरात दोन पाळणे रिकामे झाले, त्या घरातल्या मुलीकडून डीडीटीला सरसकट शिव्या ऐकायची अपेक्षा कोणी करू नये.

म्हणून त्या टोकावर उभी असताना मी मार्गदर्शक बाईंना विचारले, की भिंतींवर मारलेली पावडर समुद्रातल्या पक्ष्यापर्यंत पोचली तरी कशी? त्या म्हणाल्या, "इथे ती भिंतींवरून आलीच नाही. गटारातून आली."

लॉस एंजलिसच्या दक्षिण भागात टॉरन्स येथे माँट्रोज केमिकल कंपनीचा कारखाना होता. १९४७ पासून १९८२ पर्यंत तिथे डीडीटी बनत असे. अमेरिकेतला हा सर्वांत मोठा उत्पादक. कारखान्याचे सांडपाणी रीतसर शहराच्या गटारात सोडलेले. गटारांचे पाणी व्हाइट पॉइंट नावाच्या जागी, समुद्राच्या तळावरून दूरवर नेलेल्या नळांतून बाहेर पडे. त्या काळी समुद्राचा हिशेब सगळीकडे असाच होता: तो मोठा आहे, पचवील. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत सुमारे १७०० टन डीडीटी या वाटेने तिथल्या समुद्रतळावर गेले असावे, असा सरकारी अंदाज आहे. शेते आणि भिंती यांवर फवारण्यासाठी बनवलेल्या औषधाची ही नुसती सांडलवंड!

समुद्राने ते पचवले नाही. डीडीटी पाण्यात विरघळत नाही, चरबीत मुरते. आणि तिथून लवकर निघतही नाही. बासुंदीला दूध आटवतो तसे हे काम चालते. पाण्यात त्याचा अंश इतका थोडा, की मोजायचीही पंचाईत. सूक्ष्म जीव तो अंगात साठवतात; तसले असंख्य जीव अँचोव्ही खाते. ही अँचोव्ही म्हणजे आपल्या मांदेलीच्या गोत्रातली बारकी मासळी. पेलिकन रोज तीच पोटभर खातो, वर्षानुवर्षे. प्रत्येक पायरीला पाणी आटत जाते आणि विष दाट होत जाते. शेवटची कढई म्हणजे पेलिकन मादीचे शरीर. तिथे डीडीटीपासून झालेले डीडीई नावाचे द्रव्य कवचाच्या कारखान्यातच अडथळा आणते. अंड्याचे कवच चुनखडीचे, म्हणजे शंख-शिंपले ज्या द्रव्याचे त्याच द्रव्याचे. मादीच्या पोटातल्या एका ग्रंथीत अंडे थांबते आणि रक्तातले कॅल्शियम थरावर थर बसत त्याचे कवच होते. डीडीई त्या कॅल्शियमची वाट अडवते. मादी आजारी दिसत नाही, उडते, मासे मारते, जोडा जमवते, घरटे बांधते, ठरलेल्या दिवशी अंडी घालते. फक्त कवच पुरे होत नाही.

यात आणखी एक गोम आहे. कोंबडीच्या अंड्यावर डीडीईचा असा परिणाम जवळजवळ होत नाही. पेलिकन, ससाणा, गरुड यांच्यावर होतो. हा प्रकार कोंबड्यांत झाला असता, तर अमेरिकेच्या प्रत्येक न्याहारीच्या टेबलावर पहिल्याच महिन्यात बोंब झाली असती. पश्चिम अनाकापाच्या कड्यावर न्याहारीला कोण जातो?

पुढची गोष्ट चांगली आहे, आणि ती थोडक्यात सांगता येते. कारखान्याचे सांडपाणी १९७० च्या सुमारास गटारात जायचे थांबले. त्याच वर्षी तपकिरी पेलिकनाचे नाव नाहीशा होत चाललेल्या प्राण्यांच्या यादीत गेले. १९७२ साली अमेरिकेने शेतीत डीडीटी वापरायला जवळजवळ संपूर्ण बंदी केली. रेचेल कार्सन बाईंचे 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक त्याआधी दहा वर्षे लोकांना जागे करत होतेच. आता आकडे पाहा. १९६९ मध्ये तिथल्या अँचोव्हीत दहा लाख भागांत ४.२७ भाग डीडीटी व त्याची पिलावळ सापडली होती. १९७४ मध्ये ०.१५. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ १९६९ मध्ये पेलिकनांची चार पिल्ले उडाली होती. १९७४ मध्ये ११८५. पाच वर्षांत! २००९ साली पेलिकनाचे नाव त्या यादीतून काढले. अधूनमधून मासळी दुरावते आणि उपाशी पेलिकन गावांतल्या रस्त्यांवर, अंगणांत येऊन पडतात. २०२२ आणि २०२४ साली तसे झाले. पण तो वेगळा रोग. अंडी पायाखाली पिचण्याचे ते दिवस गेले.

आपल्याकडे शेतीतला डीडीटीचा वापर १९८९ साली बंद झाला. हिवताप आणि काळा आजार यांसाठी तो पुढेही राखून ठेवला. माझ्या माहेरापासून फार लांब नसलेल्या रसायनीला सरकारी कंपनीच्या कारखान्यात डीडीटी बनत असे, हे मला त्या बेटाच्या नादाने वाचताना कळले. बालपणी दिसली ती भिंत. ती पावडर कोठे शिजते आणि तिचे धुवण कोठे जाते, हे ना आजीने विचारले, ना आईने.

परतीच्या आदल्या आठवड्यात मी मुलाकडे हट्ट धरला, की मला तो व्हाइट पॉइंट पाहायचा आहे. "आई, तिथे पाहण्यासारखं काही नाही गं," तो म्हणाला. खरेच नव्हते. एका बाजूला टेकडीवर श्रीमंतांचे बंगले, खाली खडक, त्यावर फुटणाऱ्या लाटा, आणि निळे, निर्मळ दिसणारे पाणी. नळ कुठे समुद्रात शिरतात तेही वरून समजत नाही. त्या पाण्याखालच्या गाळात अजून डीडीटी आहे. नवी माती त्याच्यावर बसते आहे, आणि थोडे थोडे ते विरतही आहे. त्याहून दूर, कॅटलिना बेटाच्या वाटेवर हजारो फूट खोल पाण्यात, डीडीटीच्या कारखान्यातले आम्लयुक्त टाकाऊ पाणी १९६१ पर्यंत पडावांतून नेऊन ओतत असत. २०२१ मध्ये तिथल्या तळाची यंत्राने पाहणी झाली, तेव्हा पिंपांसारख्या दिसणाऱ्या सत्तावीस हजारांवर वस्तू मोजल्या गेल्या. त्यांतल्या बऱ्याच वस्तू म्हणजे दुसऱ्या महायुद्धात उरलेला दारूगोळा निघाला, आणि डीडीटीचे पाणी पिंपांत न भरता सरळ समुद्रातच ओतत असत असे दिसून आले. खटला चालून २००० साली सुमारे चौदा कोटी डॉलरांवर तडजोड झाली. त्या पैशातून गरुड परत आणणे वगैरे पुष्कळ चांगली कामे झाली. गाळ उपसणे मात्र चौदा कोटींच्याही आवाक्यातले नाही.

तिथून जवळच सॅन पेद्रोला समुद्रात शिरलेला एक धक्का आहे. हौशी आणि गरजू, दोन्ही प्रकारची माणसे तिथे गळ टाकून बसतात: मेक्सिकोची, फिलिपिन्सची, व्हिएतनामची. कठड्यावर कितीतरी भाषांतली पाटी लावली आहे आणि वाचता न येणाऱ्यासाठी चित्रही आहे: व्हाइट क्रोकर हा मासा खाऊ नका. आपल्या ढोम्याच्या कुळातला, चंदेरी अंगाचा, तळाच्या गाळात चरणारा मासा. हे पाटीपाशी उभे राहून सगळ्या भाषा ओळखायचा प्रयत्न करत होते. "मराठी नाही," एवढे मात्र त्यांनी खात्रीने सांगितले.

एका म्हाताऱ्या फिलिपिनो गृहस्थाच्या बादलीत बांगड्यासारखे पाच-सहा मासे होते. नातीने विचारले म्हणून त्यांनी ते एकेक करून दाखवले. तेवढ्यात त्यांची गळाची दोरी ताणली. वर आला तो वीतभर चंदेरी मासा. त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला, बोटाने पाटीवरच्या चित्राकडे खूण केली, गळ सोडवला आणि मासा पाण्याकडे भिरकावला. पलीकडच्या कठड्यावर दोन पेलिकन मघापासून मान आखडून बसले होते. त्यांतल्या एकाने पंख उघडले, मासा खाली पोचतो न पोचतो तोच झोळीत घेतला, आणि पाणी गाळून गिळून टाकला. म्हाताऱ्यांनी दुसरे आमिष गळाला लावायला घेतले.